व्हिएन्ना ते लाइपझिग : कानांसाठी आखलेला प्रवास

पाश्चात्त्य संगीताच्या एका सत्रासाठी व्हिएन्नात आलेल्या आम्हा विद्यार्थ्यांनी सुट्टीत साल्झबर्ग, प्राग आणि लाइपझिग गाठायचे ठरवले, तेव्हा संग्रहालये कमी आणि प्रत्यक्ष ऐकणे अधिक, एवढे एकच पथ्य पाळले. त्यासाठी आधी कार्यक्रमांच्या तारखा पाहाव्यात आणि मगच रेल्वेची तिकिटे काढावीत. जुलै-ऑगस्टमध्ये व्हिएन्नाचा स्टेट ऑपेरा बंद असतो, हे विशेष ध्यानात ठेवावे.

या ऑपेरागृहात उभ्याने ऐकणाऱ्यांसाठी स्वस्त जागा असतात आणि त्यांची तिकिटे प्रयोगाच्याच दिवशी विक्रीला येतात. आत शिरल्यावर समोरच्या कठड्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधला की ती जागा आपली झाली, असा इथला जुना रिवाज आहे आणि सगळे तो निमूटपणे पाळतात. संहितेचा अनुवाद समोरच्या छोट्या पडद्यावर दिसतो; तरीही कथानक आधी वाचून जावे, कारण वाचण्यात डोळे गुंतले की वाद्यवृंदाकडे दुर्लक्ष होते. मैफलीत जागच्या जागी दाद देण्याची आपली सवय सिम्फनीच्या कार्यक्रमात मात्र आवरावी लागते. दोन भागांमध्ये टाळ्या वाजवत नाहीत. ७१ क्रमांकाच्या ट्रामने मध्यवर्ती दफनभूमीच्या दुसऱ्या प्रवेशद्वाराशी उतरले, की बीथोव्हेन, शूबर्ट आणि ब्राम्स यांच्या समाध्या जवळजवळ सापडतात. मोझार्टचे तिथे केवळ स्मारक आहे.

साल्झबर्गला त्याच्या जन्मघरापुढे एवढी गर्दी असते, की सकाळी दार उघडताच जाणे बरे. मला प्राग अधिक भावले. ज्या 'डॉन जोव्हानी' या मोझार्टच्या ऑपेराने १८६९ साली व्हिएन्नाचा ऑपेरा सुरू झाला, त्याचा पहिला प्रयोग प्रागच्या एस्टेट्स थिएटरमध्ये २९ ऑक्टोबर १७८७ रोजी स्वतः मोझार्टच्या संचालनाखाली झाला होता आणि ते नाट्यगृह आजही वापरात आहे. चेकियात युरो नव्हे, कोरुना चालतो. शेंगेन व्हिसा किंवा ऑस्ट्रियाचा निवास परवाना असल्यास वेगळा व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट जवळ ठेवावा, कारण जर्मनीत शिरताना गाडीत तपासणी होऊ शकते.

लाइपझिगला जायचे तर शुक्रवार-शनिवार साधूनच जावे. १७२३ पासून १७५० मध्ये मृत्यू येईपर्यंत बाखने जिथे काम केले, त्या सेंट थॉमस चर्चमध्ये शुक्रवारी संध्याकाळी सहाला आणि शनिवारी दुपारी तीनला मोटेट, म्हणजे अनेक आवाजांतली धार्मिक समूहगीते, गायले जातात. ते सहसा १२१२ पासून परंपरा असलेला मुलांचा गायकवृंद गातो. शाळेच्या सुट्ट्यांत मात्र तो नसतो, म्हणून वेळापत्रक आधी पाहावे. माफक किमतीची कार्यक्रमपत्रिका घेऊन लवकर जागा धरावी. गायक मागच्या सज्जात असल्याने ते दिसत नाहीत, याची खंत करू नये. कमानींखाली एकमेकांत मिसळत जाणारे आवाज वेगवेगळे ओळखण्याचा इतका चांगला सराव वर्गात होत नाही.