रुईची गाठ आणि कागदावरचं बेट

हिंगणघाटच्या जिनिंगमधून निघालेली रुईची गाठ साधारण १७० किलोची. समजा, परदेशी गिरणी तिचे ३०,००० रुपये देते. पण निर्यातदाराने बिल आधी करमुक्त बेटावरच्या आपल्याच कंपनीच्या नावे फाडायचं, २६,००० चं. तिथून गिरणीला ३०,००० चं. गाठ थेट गिरणीत पोचते, बेटावर फिरतो फक्त कागद. ४,००० चा नफा तिथेच मुरतो. इथल्या २५ टक्क्यांनी गाठीमागे १,००० रुपये कर बुडाला. गावच्या पांदण रस्त्याला सरकारकडून यायचे ते पैसे हेच!

२००१ पासून कायदा सांगतो, आपल्याच परदेशी कंपनीलाही बाजारभावानेच विका. घोडं अडतं रुईच्या दर्जावर. धाग्याची लांबी कमी, ओलावा जास्त असं दाखवून भाव पाडला की अधिकाऱ्याला तुलनेसाठी तशीच गाठ सापडत नाही. बिलासोबत नमुन्याचा तपासणी अहवाल सक्तीचा हवाच.