काळी पाचवरून पांढरी पाचवर : आठवडा तिसरा

आईला ज्यावर गायचंय तो गाण्याचा ट्रॅक काळी पाच या पट्टीचा, तिचा गळा आता पांढरी पाचला. म्हणजे ट्रॅक तीन सेमीटोन (हार्मोनियमच्या लगतच्या तीन पट्ट्या) खाली उतरवायचा. लांबी ४ मिनिटं ३० सेकंद. हाताशी फक्त तयार मिक्स, एकेका वाद्याचे सुटे ट्रॅक नाहीत.

सुरुवात ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरच्या 'चेंज पिच'ने केली. बासरी ठीक, व्हायोलिनं पाण्याखालून आल्यासारखी, आणि तबल्याचं पार भजं. सूर उतरवला की गाणं लांबतं. ते मूळ लांबीत बसवायला सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक तुकडे करतं, मधले थोडे गाळतं आणि उरलेले एकमेकांवर चढवून जोडतं. लांब सुरात सांधा लपतो. पण कात्री नेमकी तबल्याच्या चाटीवरच्या (कडेवरच्या) 'ना'वर पडली, की धार गेलीच.

मग रबर बँड, सूर आणि वेग बदलणारं दुसरं सॉफ्टवेअर. ३.० आवृत्तीपासून (२०२२) त्यात दुसरं, जास्त बारकाईचं इंजिन आहे. वेळ खातं, पण 'ना' पुन्हा 'ना' वाटायला लागला.

मधला एक आठवडा मात्र वाया गेला. तालवाद्यं वेगळी काढा, त्यांना हात लावू नका, बाकीचंच उतरवा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. डीमक्स या वाद्यं सुटी करणाऱ्या सॉफ्टवेअरने वेगळी काढली, बाकीचं उतरवून परत जोडलं. ऐकवेना! ड्रमसेटला हे चालत असेल; आपला दायाँ (उजव्या हाताचा तबला) 'सा'ला लावलेला असतो. गाणं पांढरी पाचला आणि तबला काळी पाचला घुमतोय. शिवाय तबल्याची घुमार धड त्या भागात येतही नाही, अर्धी बाकीच्या वाद्यांतच राहते.

फॉर्मंट (सूर बदलला तरी आवाजाचा मूळ पोत) जपायचा रबर बँडमधला पर्यायही बंद केला. तो माणसाच्या आवाजासाठी उत्तम, पण खालच्या पट्टीचा तबला खरोखरच मोठ्या तोंडाचा असतो, त्यामुळे त्याचा पोत सुराबरोबर उतरलेलाच बरा. मधल्या कोरसमधल्या बायका जरा घोगऱ्या झाल्या. आठ सेकंदांचा प्रश्न आहे, सोडून दिलं.

शेवटी काम वाटून टाकलं. एक सेमीटोन सरळ वेग कमी करून, जुन्या टेपसारखा : वेग ०.९४४ पट, तुकडे नाहीत, सांधे नाहीत, लांबी ४ मिनिटं ४६ सेकंद. उरलेले दोन रबर बँडने. त्याआधी आवाज ३ डेसिबल खाली घेतला. पहिल्या वेळी आवाजाची शिखरं शून्य डेसिबलच्या, म्हणजे फाइलच्या कमाल मर्यादेच्या, वर जाऊन तार सप्तकात चरचर आली होती. आणि हो, एमपीथ्रीवर हे करू नका, न दाबलेली वेव्ह फाइल मिळवा. एमपीथ्री लहान करण्यासाठी दाबताना आलेला खडखडाट ताणल्यावर उघडा पडतो.

काल आईने दोनदा गायलं. गाणं संथ झालंय हे तिच्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्या अंतऱ्याला श्वास पुरतो, एवढंच म्हणाली. सुरुवातीचं संतूर अजून थरथरतंय. तेवढाच तुकडा येत्या रविवारी वेगळ्या सेटिंगवर काढून बघतो.