तुम्ही विचारलंत म्हणून: या झाडाचा शेंडा सपाट का?

माझ्या गच्चीवर येणारे बहुतेक पाहुणे बॉल्ड सायप्रसच्या बोन्सायपाशी थांबतात आणि विचारतात, की बाकीची झाडे वर निमुळती होत गेली असताना याचाच शेंडा असा सपाट, कोणीतरी छाटून टाकल्यासारखा का? तो मीच छाटला आहे, आणि विचारपूर्वक छाटला आहे. कारण जरा लांब आहे, म्हणून सवडीने लिहितो.

हे झाड मूळचे अमेरिकेच्या आग्नेय भागातील दलदलींचे. सूचिपर्णी असूनही ते हिवाळ्यात पाने गाळते. पाने तांबूस होतात आणि बारीक डहाळीसकट गळतात. कोवळ्या वयात ते सरळसोट वाढते आणि त्याचा आकार शंकूसारखा असतो. पण आजूबाजूच्या झाडांच्या वर डोके निघाले, की उंचीची घाई संपते. वादळे आणि विजा शेंडा मोडतात, वरच्या आडव्या फांद्या मोकळ्या उन्हात पसरतात आणि माथा रुंद होतो. या झाडांचे आयुष्यही अफाट आहे. उत्तर कॅरोलायना राज्यातील ब्लॅक नदीच्या दलदलीतील एका झाडाचे वय किमान २,६२४ वर्षे असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे निमुळता शेंडा हे या झाडाचे पोरवय आणि सपाट माथा हे त्याचे म्हातारपण. आणि बोन्सायमध्ये दाखवायचे असते ते म्हातारपणच. सोलापूरच्या माळावर ज्यांनी हिवराचे एखादे जुने, छत्रीसारख्या माथ्याचे झाड नीट पाहिले आहे, त्यांना हा आकार परका वाटू नये.

जपानी पद्धतीचा सूचिपर्णी बोन्साय म्हटला, की त्रिकोणी आकार गृहीतच धरला जातो, आणि या झाडालाही बरीच वर्षे तोच आकार दिला जाई. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे बोन्सायकार व्हॉन बँटिंग यांनी आपल्या भागातील दलदलींतली जुनी झाडे पाहून सपाट माथ्याची शैली रूढ केली. मला ती पटते, कारण तिचा नमुना पुस्तकातून नव्हे, तर त्या झाडाकडूनच घेतलेला आहे.

प्रत्यक्ष कामात सुरुवात माथ्यापासून नव्हे, बुंध्यापासून होते. खाली पसरट, उभ्या पन्हळी पडलेला बुंधा नसेल, तर वरचा सपाट माथा नुसता विचित्र दिसतो. म्हणून रोप आधी काही वर्षे मोठ्या टबात मोकळे वाढू द्यावे आणि कुंडी पाण्याच्या परातीत ठेवावी. सतत पाण्यात राहिलेला बुंधा चांगला फुगतो. दलदलीत या झाडाच्या मुळांतून वर येणारे ‘गुडघे’ मात्र कुंडीत सहसा मिळत नाहीत, त्यामुळे त्यांची आशा धरू नये. (ते मुळांना हवा पुरवतात असे सर्रास सांगितले जाते, पण तसे निर्विवाद सिद्ध झालेले नाही.)

खोड जाड झाले, की ठरवलेल्या उंचीवर ते कापायचे. हे झाड जुन्या लाकडातूनही भराभर फुटते. कापाच्या खाली कोंबांचा झुबकाच येतो. त्यांतले वरचे दोन, फार तर तीन निवडून त्यांना ऍल्युमिनियमची तार गुंडाळावी आणि इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर-बाहेर वळवावे. मग त्यांना मनसोक्त लांबू द्यावे, जाड झाल्यावर आखूड करावे, आणि नव्या फुटीतून पुन्हा दोन-दोन फाटे घ्यावे. अशा फाट्यांवर फाटे चढत माथा भरतो. तारेवर मात्र बारीक नजर हवी. वाढीच्या दिवसांत फांदी काही आठवड्यांतच फुगून तार सालीत रुतते, आणि लवकर काढली तर फांदी पुन्हा वर उठते, म्हणून तार काढून नव्या जागी परत गुंडाळावी लागते. दोन फांद्यांच्या बेचक्यात आणि आडव्या फांदीच्या पाठीवर हिरवे, टोकदार कोंब सारखे डोकावतात. ते कोवळे असतानाच नखाने खुडायचे. महिनाभर दुर्लक्ष केले, तर त्यांतलाच एखादा नवा शेंडा होऊन बसतो, आणि खालची ताकद तो ओढून घेतो. खोडावर खाली दोन-चार बारीक, आखूड, झुकलेल्या फांद्या ठेवाव्यात. माथ्याच्या सावलीत राहिल्यासारख्या त्या अशक्तच दिसायला हव्यात.

पाणीटंचाईच्या सोलापुरात दलदलीतले झाड कशाला, हा ओघाने येणारा दुसरा प्रश्न. तो रास्त आहे. उन्हाचा त्रास त्याला कमी होतो, कोरड्या मातीचा जास्त. परातीत पाणी असेल आणि मे महिन्यात हिरव्या जाळीखाली ठेवले, तर ते उन्हाळा काढते. डास होऊ नयेत म्हणून माझ्या परातीत गप्पी मासे आहेत. खरी अडचण बोअरच्या जड पाण्याची आहे, कारण क्षार साचले की झाडाला लोह मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. त्यावर पावसाचे साठवलेले पाणी हा उत्तम उपाय, नाहीतर लोहाचे खत. कुंडी बदलायची आणि मोठी छाटणी करायची, तर जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास भरणारी इथली गड्ड्याची जत्रा आटोपल्यावर, फांद्यांवरचे डोळे (नव्या पालवीचे कोंब) फुगायच्या आत करावी. तेव्हा झाड उघडे असते आणि फांद्यांची रचना स्वच्छ दिसते.

नर्सरीतून रोप आणणार असाल, तर उंची पाहू नका. वरची माती बोटाने बाजूला सारून बुंधा मुळांपाशी किती रुंदावला आहे ते पाहा. शेंडा मोडलेले रोप स्वस्तात मिळाले, तर अवश्य घ्या.