लाइन १ जीबीपीएसची, वेग १७चा

हिंजवडीतला आमचा बॅकअप बॉक्स रात्री चेन्नईला रेप्लिकेट होतो, म्हणजे त्याच्या डेटाची प्रत तिकडे जाते. लाइन १ जीबीपीएसची, डेटा मात्र सरकत होता जेमतेम १७ एमबीपीएसने. नेटवर्कवाल्यांचं ठरलेलं उत्तर, "लाइन रिकामी आहे, तुमचंच बघा." खरंच होतं म्हणा. पिंग, म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ, ३० मिलिसेकंद आणि टीसीपी विंडो, म्हणजे पोच न येता एका दमात पाठवता येणारा डेटा, ६४ केबीवर अडकलेली; तेवढं पाठवलं की पोच येईपर्यंत बॉक्स हातावर हात ठेवून बसणार. ही लाइन भरायला विंडो पावणेचार एमबीची लागते. दोन्ही टोकांना बफर वाढवले, एकाच वेळी चालणारे स्ट्रीमही वाढवले.

डीडुपमुळे (आधी गेलेला तुकडा पुन्हा न पाठवण्याची सोय) एरवी फक्त नवे तुकडेच जातात. पण डेटाबेसवाले डंप (डेटाबेसची अख्खी प्रत) आधीच कॉम्प्रेस करून देतात, त्यात जुने तुकडे ओळखूच येत नाहीत, त्यापुढे डीडुप काय करणार? त्यांना ते बंद करायला लावणं विंडोपेक्षा अवघड. दिवसा थ्रॉटल, म्हणजे वेगाला लगाम, ठेवलाय. मीटिंगमध्ये आवाज तुटला की पहिला फोन मलाच येतो.