तुम्ही विचारलंत म्हणून: आधी कार्ड की आधी प्रोसेसर?

"तयार गेमिंग पीसी घेतला होता, आता नवे गेम अडखळतात. ग्राफिक्स कार्ड बदलू की प्रोसेसर?" सोसायटीतली मुलं विचारतात, त्यांचे बाबाही विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. प्लग काढा, कॅबिनेटच्या बाजूचं झाकण उघडा आणि आधी एसएमपीएसवरचं, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं, लेबल वाचा.

हे मी पैसे मोजून शिकलोय. २०१९ मध्ये लेकासाठी एका मोठ्या ब्रँडचा तयार पीसी घेतला. रायझन ५ २६०० प्रोसेसर, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि ८ जीबी रॅमची एकच स्टिक. तीन वर्षांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आरटीएक्स ३०६० हे नवं कार्ड आणलं. घरी येऊन बघतो तर कार्डाला ८ पिनांची वेगळी वायर हवी, आणि आमच्या एसएमपीएसमधून तशी वायर निघतच नव्हती. आमच्या १६५० ला ती लागत नसे. ७५ वॉटचं कार्ड, तेवढी वीज मदरबोर्डचा स्लॉटच देतो. ३०६० ला १७० लागतात. मग ५५० वॉटचा नवा एसएमपीएस आणला, तर त्याचा २४ पिनांचा कनेक्टर बोर्डाला लागेना. कंपनीने स्वतःचा निराळाच कनेक्टर ठेवला होता. लेक नवं कार्ड मांडीवर घेऊन बसला होता, त्याला काय सांगावं मला सुचेना.

शेवटी बी४५० चिपसेटचा साधा मदरबोर्ड घेतला आणि जुना प्रोसेसर त्यावर चढवायचं ठरलं. इथे घाई करू नका. रायझनच्या त्या पिढीत पिना प्रोसेसरलाच असतात, तब्बल १३३१. प्रोसेसर आणि त्यावरचा फॅन यांच्यामधली, उष्णता पोचवणारी थर्मल पेस्ट वाळून गोंदासारखी झालेली असते. फॅन सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून, म्हणजे बोर्डावरच्या त्याच्या जागेतून, उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून मी लेकाला जुन्या सेटअपवर वीस मिनिटं गेम खेळायला लावलं. पेस्ट गरम असतानाच मशीन बंद केलं, चारही स्क्रू थोडे थोडे सैल केले आणि बरणीचं झाकण फिरवावं तसा फॅन हलकेच डावीउजवीकडे फिरवत राहिलो. पकड सुटल्याचं बोटांना कळतं. तेव्हाच उचलायचा.

अजून एक खर्च कोणी सांगत नाही. तयार पीसीबरोबर आलेलं विंडोजचं लायसन्स त्याच्या मदरबोर्डशी बांधलेलं असतं. बोर्ड बदलणार असाल तर तेही हिशेबात धरा.

आता तुमचा मूळ प्रश्न. गेमच्या सेटिंगमधली फ्रेमची (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची) मर्यादा आणि व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सोय) बंद करून गेम चालवा आणि कार्डाचा वापर बघा. ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड कमी पडतंय. साठ-सत्तरवर रेंगाळत असेल तर रिझोल्यूशन उतरवून बघा. तरीही फ्रेम वाढल्या नाहीत, तर अडचण बहुधा प्रोसेसरची. रॅमची एकच स्टिक असेल तर मात्र सगळ्यात आधी तिला जोडीदार आणा. तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

आमच्याकडे पुढे प्रोसेसरही बदलला. एएम४ सॉकेटवर २६०० च्या जागी ५६०० बसतो, दोन्ही ६५ वॉटचे. पण जुना प्रोसेसर आत असतानाच बायॉस (मशीन सुरू करणारं, बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागतं, नाहीतर नवा ओळखलाच जात नाही. तयार पीसीत ते बायॉस ब्रँडच देतो, म्हणून त्यांच्या साइटवर आपल्या मॉडेलला तो प्रोसेसर चालतो का, हे खरेदीआधी बघा. इंटेलमध्ये सॉकेटच्या नंबरावर जाऊ नका: सहावी-सातवी आणि आठवी-नववी पिढी, दोन्हींचा नंबर ११५१, पण एकीच्या बोर्डावर दुसरीचा प्रोसेसर चालत नाही.

तेव्हा लेबलाचा फोटो काढा, आतून निघणाऱ्या वायरी मोजा, कार्डासाठी किती लांबी मोकळी आहे ते टेपने बघा. हे घेऊन या, मग कार्डाचं बोलू.