ठसे येईपर्यंत काचेबाहेर

आइस हॉकीचा कोच व्हायला काय लागतं, असं कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातले आपले लोक मला विचारतात, तेव्हा मी आधी पोलिसांच्या कागदाबद्दल सांगतो. स्केटिंग मी पस्तिशीत शिकलो, पहाटेच्या बर्फावर तीन वर्षं घालवून. ते जमलं. त्या एका कागदाने मात्र माझा अर्धा हंगाम खाल्ला.

मुलांसोबत काम करणाऱ्याला इथे व्हल्नरेबल सेक्टर चेक, म्हणजे पोलीस तपासणीचा कागद, द्यावा लागतो. साध्या चौकशीपेक्षा ही तपासणी खोल असते. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा होऊन पुढे ज्यांना माफी मिळाली, त्यांच्याही नोंदी यात बघतात. आमच्या क्लबात तो कागद जमा होईपर्यंत बेंचवर उभं राहायचं नाही, बर्फावर उतरायचं नाही, ड्रेसिंग रूममध्ये पाऊल टाकायचं नाही. नियम मला मान्य आहे. माझाही मुलगा त्याच ड्रेसिंग रूममध्ये बसतो.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात क्लबचं पत्र घेऊन पोलिसांच्या अर्ज-खिडकीवर गेलो. पत्रात माझं नाव आणि आडनाव होतं. लायसन्सवर मध्ये वडिलांचंही नाव आहे, आपल्या बहुतेकांच्या कागदांवर असतं तसं. खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. म्हणाल्या, ही नावं वेगळी आहेत, पत्र बदलून आणा. क्लबच्या सचिवांना दुसरं पत्र द्यायला बारा दिवस लागले.

ऑक्टोबरात पाकीट आलं. फोडलं तर आत चार ओळी: तुमच्या बोटांचे ठसे लागतील. का, ते लिहिलेलं नाही. बायको म्हणाली, "अरे, फॉर्म भरताना काही चुकलं का?" त्या रात्री मला झोप लागली नाही. या अर्जाआधी आयुष्यात पोलीस चौकीची पायरी चढलो नव्हतो आणि आता माझ्याबद्दल काय नोंद असेल, हा विचार डोक्यातून जाईना.

कारण नंतर कळलं, आणि ते त्या पाकिटातच लिहायला हवं होतं. माफी मिळालेल्या एखाद्या गुन्हेगाराची जन्मतारीख आणि लिंग तुमच्याशी जुळलं की ठसे मागतात. नाव जुळावं लागत नाही. तो माणूस तुम्ही नाही, एवढीच खात्री करायची असते. आमच्याच क्लबातल्या आणखी दोन मुलांच्या बाबांना हे पत्र आलं होतं आणि दोघंही लाजेने गप्प बसले होते. मी हे लिहायला घेतलं ते त्यासाठीच. पाकीट आलं तर घाबरू नका, लपवू नका.

ठशांसाठी तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली. थंडीने कातडी इतकी कोरडी झाली होती की यंत्राने चार बोटं घेतलीच नाहीत. पुन्हा दोन आठवडे. दुसऱ्या खेपेआधी आठवडाभर रोज रात्री हातांना खोबरेल लावलं आणि दहाही बोटं उमटली. मग ठसे ऑटावाला केंद्रीय पोलिसांकडे गेले. मी दर शुक्रवारी फोन करायचो, उत्तर एकच: अजून आलं नाही.

तोवर शनिवारी सकाळी साडेसहाला मी रिंकच्या काचेबाहेर उभा. मुलगा ड्रिल चुकला की माझ्याकडे बघायचा. मी हातानेच दाखवायचो, गुडघे वाक. कागद आला जानेवारीच्या मध्यावर. दुसऱ्याच दिवशी बर्फावर उतरलो तेव्हा मुलं टाळ्यांसारख्या काठ्या बर्फावर आपटत होती, आणि मला बोलता येईना.

बाकीचं सोपं होतं. रिस्पेक्ट इन स्पोर्ट हा खेळातल्या छळाला आळा घालण्याबद्दलचा ऑनलाइन कोर्स एका संध्याकाळी घरी बसून होतो. रोवन्स लॉ या डोक्याच्या दुखापतींबद्दलच्या कायद्याची माहिती मात्र घाईने वाचू नका. रोवन स्ट्रिंगर ही ऑटावाची सतरा वर्षांची रग्बी खेळाडू 2013 मध्ये डोक्याला लागोपाठ बसलेल्या मारांनी गेली, आणि तिच्या नावाचा कायदा ओंटारिओने 2018 मध्ये केला. डोकं आपटलेल्या मुलाला 'एकच शिफ्ट' (बर्फावरची छोटी पाळी) म्हणून परत पाठवायचं नाही. हे मी बेंचवर दोनदा पाळलं, पालकांचा राग पत्करून.

पुढे डेव्हलपमेंट 1, म्हणजे हॉकी कोचचा प्रशिक्षणक्रम. त्याचं क्लिनिक केलं की तुम्ही 'ट्रेन्ड' होता, 'सर्टिफाइड' नाही. त्यासाठी लेखी काम पाठवायचं आणि परीक्षक रिंकवर येऊन तुमचा सराव बघतात. बरेच जण क्लिनिकनंतर थांबतात आणि तिथेच अडकतात. मी लेखी काम पंधरा दिवसांत पाठवलं आणि पहिल्याच फेरीत सर्टिफाइड झालो, याचा मला अभिमान आहे. आता आठवड्यातून दोन संध्याकाळी पगारी कौशल्य-सराव घेतो.

विसरलोच: बर्फावर कोचलाही हेल्मेट लागतं, हनुवटीचा पट्टा लावलेलं. आधीच घेऊन ठेवा.

मोठ्या पातळीवर खेळलो नाही, मग वर जाता येईल का, असंही विचारतात. जॉन कूपर अमेरिकेत मिशिगनमधल्या लॅन्सिंगमध्ये वकिली करत होते, तिथल्या एका शाळेच्या संघापासून त्यांनी सुरुवात केली. एनएचएल या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये ते कधी खेळले नाहीत. त्याच लीगमधल्या टँपा बे संघाचे कोच म्हणून 2020 आणि 2021 असे लागोपाठ दोन स्टॅन्ली कप, म्हणजे लीगची विजेतेपदं, त्यांनी जिंकले.

यंदा क्लबने नवा चेक मागितलाय. जन्मतारीख तीच, त्यामुळे ठसे पुन्हा लागू शकतात. अर्ज मी जूनमध्येच दिलाय, आणि पत्रावर वडिलांचं नाव आहे.