खारपट्टीतून आळंदीकडे

आम्हा अलिबागकडच्यांना कार्तिकातली आळंदीची वारी सोयीची. आषाढीला लावणीचा चिखल असतो. कार्तिकात भात कापून, झोडून घरात आलेलं असतं. निदान यायला हवं. यंदा परतीच्या पावसाने लोळवलेलं भात पोयनाडपासून दोन्ही बाजूंना काळं पडलं होतं. निम्मे टाळकरी अभंग म्हणता म्हणता मान वळवून शेतंच बघत होते.

धरमतरच्या खाडीकडे खारफुटीचं दाट हिरवं रान दिसत होतं. विसाव्याला मी वीणेकरी बुवांना म्हटलं, "कांदळवन चांगलंच वाढलंय इकडे."

"वाढणारच, माऊली. तिथं आमचं भात होतं."

मग हरिपाठ होईपर्यंत बुवा त्यावरच बोलत राहिले. या पट्टीतली खार जमीन माणसांनी खाडीकडून मिळवलेली. चिखलाचा बांध घालायचा, त्यात उघाडी बसवायची. भरतीच्या दाबाने तिची झडप आपोआप मिटते, ओहोटीला उघडते आणि शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जातं. दोन-तीन पावसाळे मीठ धुऊन निघालं की मग भात. बांधाची राखण गावाची जोळ, म्हणजे शेतकऱ्यांची जूट, करायची: खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवणं, उधाणाआधी माती चढवणं. रात्री खांड पडली, म्हणजे बांध फुटला, तर सगळं गाव घमेली घेऊन बांधावर. याच जमिनीसाठी जवळच्या चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून 1933 पासून 1939 पर्यंत संप केला. खोताला अर्धं पीक देण्यापेक्षा शेत पडीक ठेवलं, उपास काढले.

त्यांची नातवंडं कारखान्यांत लागली, मुंबईला गेली. त्यात गैर काही नाही. खारात वर्षाला एकच पीक, त्यावर घर चालत नाही. पण जोळ मोडली. बांध सरकारी खात्याकडे गेला आणि डागडुजी निविदेची वाट बघू लागली. खाडीतून बार्ज जाऊ लागले, त्यांच्या लाटा बांधाचा पाया कुरतडतात. एकदा खांड पडून तशीच राहिली की खारं पाणी शेतात मुरतं आणि पाठोपाठ कांदळाचं बी येऊन रुजतं. कांदळवन तोडायला 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर मनाई केली, 2018 मध्ये ती कायम केली. मला स्वतःला तो निकाल योग्यच वाटतो. बांधाबाहेरचं कांदळवन लाटा झेलतं म्हणून आतला बांध टिकतो. पण बांधाच्या आत ते उगवलं की सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचं आणि कोयता लावायची मात्र सोय नाही. अशा जमिनीला मग एकच गिऱ्हाईक उरतं, दलाल.

समुद्र वर येतोय म्हणून शेती बुडाली, असं आता सर्रास बोललं जातं. 1901 ते 2018 या काळात जगभरच्या समुद्राची पातळी सरासरी 20 सेंटिमीटरने, म्हणजे वीतभर चढली, हे खरंच आहे. आणि मातीच्या बांधाला वीतभर पाणी फार झालं, कारण बांधाची उंची जुन्या माणसांनी त्यांच्या काळच्या उधाणावर ठरवलेली. पण त्यांच्या काळी हा बांध दरवर्षी वाढत होता. पाणी चढायला लागलं नेमकं तेव्हाच माती टाकणारे हात गेले. माझ्या मते नुकसान या दोहोंच्या गाठीत आहे. सगळा दोष हवामानाला देणं अनेकांच्या सोयीचं आहे, एवढंच.

वडखळला ट्रकांच्या धुळीत नाकाला पदर लावून चाललो. पेणच्या मुक्कामाला श्रीवर्धनकडच्या माहेरवाशिणी भेटल्या. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात त्यांच्या भावांच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. नवी सुपारी धरायला बरीच वर्षं लागतात, तोवर थांबणार कोण? एका वाडीच्या जागी आता पोहण्याचा तलाव आहे, असं सांगून त्या खळखळून हसल्या. रात्री भजन मात्र त्यांनीच रंगवलं.

खोपोलीला वीजघर लागलं. 1915 पासून चालू असलेलं. बोरघाटाच्या माथ्यावर, लोणावळ्यात, इंद्रायणीचं पाणी वळवणच्या धरणात अडतं, नळांतून इथे उतरतं आणि पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीला मिळतं. म्हणजे ज्या नदीत स्नानाला आम्ही घाट चढत होतो, तिचं थोडं पाणी आमच्याच बांधाला लागून वाहत होतं. हे ऐकून बुवांनी चढणीवरच हात जोडले. मग म्हणाले, "गोडं पाणी खाली येतंय तर शेताला का नाय मिळत?" घाट संपेपर्यंत याला कुणाकडे उत्तर नव्हतं.

आळंदीत त्रयोदशीला समाधी सोहळा झाला. गर्दीत कळसाचंच दर्शन झालं, पण मन भरलं. दोन दिवसांवर अमावस्या, म्हणजे उधाण. काला घेताच बुवा फोनला लागले. उघाडीच्या झडपेखालचा दगड सरकला होता, उधाणाआधी तो बसवायला चार माणसं हवी होती. दोघे येतो म्हणाले. मी तिसरा.